बायजाबाईच्या डोंग्यातला कूलर

१४ एप्रिल, सकाळी ११

दीक्षाभूमीवर जाऊन आलो. ऊन चांगलंच. परत आल्यावर ही वही उघडली. पायलने मागच्या वाढदिवसाला दिली होती, तेव्हापासून टीव्हीखाली पडून होती. ही कोणी वाचायची नाही. माणसाने स्वतःशी तरी खरं बोलावं, म्हणून लिहायची.

संकल्प: रोज लिहायचं. दुपारी झोपायचं नाही. घरचा कूलर आजच्या आज गच्चीवरून उतरवून खिडकीत बसवायचा. चौतीस वर्षं इंदोऱ्यात ‘आनंद कूलर्स’ चालवलं. निम्म्या उत्तर नागपूरला या हातांनी गार केलं. दुकान बंद करून दोन वर्षं झाली. लोक आता एसी घेतात, पण आठवण माझीच काढत असणार.

दुपारी ४.३०

झोपलो नव्हतो. पडलो होतो. कूलर संध्याकाळी.

१६ एप्रिल

कूलर उतरवला. अंगणात ठेवला आहे. कांता म्हणाली, अंगणात ठेवून कोनाले हवा देऊन राहिले? तिला सांगितलं की गवत बदलायचं आहे, टाकी घासायची आहे, पंप बघायचा आहे. कामाला पद्धत असते. उद्या.

२० एप्रिल, रविवार

आज आयुष्याला दिशा मिळाली. नीट लिहून ठेवतो.

बायजाबाई आली होती. काटोल रोडवर आत एक तलाव आहे, तिथे तिचा डोंगा, म्हणजे लाकडी होडी, आहे. पहाटे जाळी उचलायची, मासे टोपलीत, टोपली डोक्यावर, मग एसटी, मग आमच्या मोहल्ल्यात दारोदार. दर रविवारी, बावीस वर्षं. वय एकसष्ट, गुडघे गेलेले. दारात आली की कांता टोपलीला हात लावून खाली उतरवते आणि मग दोघी उंबऱ्यावर बसून पाऊण तास बोलतात. मी पेपर वाचतो.

आज कांताने रोहूचं पोट अंगठ्याने दाबलं आणि मासा परत टोपलीत ठेवला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. बायजाबाई ओशाळली. म्हणाली, का करू बाई, बरफ त टाकलाच होता, पण बस अर्ध्या वाटेत फेटरीले येत नाही त सारं पानी होऊन जाते. आणि मासा खरा खराब होतो तो डोंग्यातच. पहाटे चारला निघालेला मासा सातपर्यंत उघड्यावर पडून असतो.

मग तिने ती गोष्ट सांगितली. गणपतराव म्हणून एक सावजी भोजनालयवाले आहेत. त्यांना दर रविवारी चाळीस किलो मासा पाहिजे. त्यांची गाडी तलावाच्या काठावर येऊन घेऊन जाईल. अट एकच, मासा पाण्यातून निघाल्या निघाल्या गार झाला पाहिजे, गलफडं, म्हणजे कल्ले, लाल दिसली पाहिजेत. पंचवीस मेला ते स्वतः येऊन बघणार आहेत. बायजाबाई म्हणाली, जमलं त हे टोपली सुटते माही. असं म्हणून तिने डोक्यावरची चुंबळ काढली आणि पदराने मान पुसली. मानेवर घट्टा पडला आहे. मी तो पहिल्यांदा पाहिला.

मी पेपर बाजूला ठेवला आणि तिथल्या तिथे जाहीर केलं: डोंग्यातच फिट बसणारा बर्फाचा कूलर मी करून देतो. इनबिल्ट. बायजाबाईने कांताकडे पाहिलं. कांताने काही म्हटलं नाही. तिचा विश्वास आहे.

वाक्य सुचलं, पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं: बायजाबाईच्या डोक्यावरची टोपली मी उतरवणार.

२२ एप्रिल

डिझाइन तयार. एक मोठा डबा, त्यात एक लहान डबा, दोघांच्या मध्ये कूलरचं गवत दाबून. वर वाळ्याची ताटी. आणि चारी बाजूंना भोकं. हवा खेळली पाहिजे. हवा कोंडली की कूलर मेला, हे मी चौतीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलो.

रोशनजींना फोन केला. रोशनजी म्हणजे आमचे जावई, पायलचे मिस्टर. वाडीला एका गोदामात संत्र्यांची कोल्ड रूम त्यांच्याकडे आहे. ते म्हणाले, पप्पा, बर्फाले हवा लागूच द्यायची नसते. थर्माकोलचा मोठा डबा आणा, झाकण टाइट लावा, डोंग्यात ठेवा, झालं. जावयाला नाही कसं म्हणणार. तुमचं बरोबर आहे म्हणालो आणि फोन ठेवला.

थर्माकोल! लग्नाच्या स्टेजवर वर-वधूची नावं कापून चिकटवायची वस्तू. कोल्ड रूममध्ये बटण दाबलं की थंड होतं, त्यामुळे माणसाला मूळ विषय समजत नाही. त्यांचा दोष नाही.

२५ एप्रिल

बाहेरच्या डब्यासाठी घरच्या कूलरची टाकी घेतली. तात्पुरती. आतल्या डब्यासाठी कांताची गव्हाची कोठी. गहू पोत्यात ओतले.

कांता म्हणाली, पारा चव्वेचाळीसवर गेला अन् तुमी माहा कूलर कापून राहिले. मी विचारलं, बायजाबाईचं काम मोठं की आपली हवा? ती म्हणाली, बायजाबाईनं मांगतलं होतं का तुमाले? मुद्दा सोडून बोलायची सवय आहे तिला.

२८ एप्रिल, दुपारी ३

पहिली चाचणी, अंगणात. दुपारी बाराला पाच किलो बर्फ आत. तीनला उघडलं, पाणी. कांताने मधेच झाकण उघडून पाहिलं असणार. ती म्हणते, हातही नाही लावला. म्हणजे लावला असणार.

२९ एप्रिल

दुसरी चाचणी. दोन तास. आजचा बर्फच कच्चा होता.

१ मे

तिसरी चाचणी. सव्वा तास. आता कारण पक्कं सापडलं, हवा कमी पडते आहे. आणखी बारा भोकं पाडली. एकूण चोवीस.

संकल्प: उद्यापासून दुपारची झोप बंद. घरात इतका उकाडा आहे की तशीही लागत नाही.

४ मे, रविवार

बायजाबाईबरोबर पहाटेच तलावावर गेलो, माप घ्यायला. टेप घरी राहिला. विती मोजल्या. माझी वीत म्हणजे नऊ इंच, दुकानात सगळ्यांना माहीत होतं.

डोंगा चौदा फुटांचा. सागाच्या फळ्या, सांध्यांना डांबर. तिच्या मालकाने स्वतः बांधलेला. ते जाऊन नऊ वर्षं झाली. मधोमध एक आडवी फळी आहे, तिच्यावर बसून ती जाळी ओढते. फळी बसून बसून गुळगुळीत झाली आहे.

बायजाबाई म्हणाली, भाऊ, वरतं काय करा ते करा, पण खालच्या फळ्यायले हात नोका लावू. त्यायनं लावलेल्या हायेत. मी म्हणालो, प्रश्नच येत नाही.

८ मे

डबा चार इंच मोठा झाला. उन्हाने हात आखडतो, वीत लहान पडते. हे मापाच्या वेळी लक्षात घ्यायला हवं होतं. उपाय सोपा: मधली आडवी फळी काढायची.

९ मे

बायजाबाई भाचीच्या लग्नाला नरखेडकडे गेली, चार-पाच दिवस. कांताने सांगितलं. योग चांगला आहे. परत येईल तेव्हा कूलर फिट झालेला. सरप्राइज.

१० मे

ऑटोत डबा टाकून तलावावर. ऑटोवाल्याने विचारलं, काय, आटाचक्की आहे का? सांगत बसलो नाही.

मधली फळी कापली. सागवान कडक असतं, दीड तास लागला. डबा सोळा नट-बोल्टांनी कडेच्या लाकडांना आवळला. भूकंप आला तरी हलणार नाही. कापलेली फळी काठावर झाडाखाली नीट ठेवली.

११ मे

आज कामाचा कळस.

वितळलेलं पाणी जाणार कुठे, हा प्रश्न रोशनजींना सुचला नव्हता. मला सुचला. प्रत्येक कूलरच्या टाकीला खाली एक भोक असतं, त्याला रबरी बुच. बुच काढलं की पाणी जातं. इथेही तेच. आतल्या डब्यातून एक इंची पाइप घेतला तो डोंग्याच्या तळातून आरपार. बुच घरच्याच कूलरचं.

बायजाबाई म्हणाली होती की खालच्या फळ्यांना हात लावू नका. हात लावला नाही, ड्रिल लावली. आणि एक इंच भोक म्हणजे काही फळी नव्हे.

डोंगा काठावर विटांवर ठेवलेला होता. डब्यात दोन बादल्या पाणी ओतलं, बुच काढलं. मिनिटभरात सगळं खाली, वाळूत. एक थेंब राहिला नाही. खरं सांगतो, डोळे भरून आले. चौतीस वर्षांत इतकं स्वच्छ ड्रेनेज झालं नव्हतं.

१२ मे, बुद्धपौर्णिमा

सकाळी विहारात. पायल आणि रोशनजी जेवायला आले. खीर झाल्यावर मोबाइलवर फोटो दाखवले. रोशनजींनी तळाचा फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि बराच वेळ पाहिला.

म्हणाले, पप्पा, हे बुच… मी सांगितलं, घरच्याच कूलरचं. ते म्हणाले, हाव, पण डोंगा पाण्यात असन तेव्हा… मी म्हणालो, तेव्हाही मिनिटभरात सगळं रिकामं. त्यांनी पायलकडे पाहिलं. पायलने कांताकडे. कांताने त्यांच्या वाटीत आणखी खीर वाढली. शिकलेला माणूस, पण शब्द सुचला नाही त्यांना.

१५ मे

बायजाबाई आली. मी तलावावर थांबलोच होतो, तिचा चेहरा बघायला.

ती डोंग्यात चढली आणि फळी होती तिथे उभी राहिली. विचारलं, आता म्या कुठी बसू? मी म्हणालो, डब्यावर, म्हणूनच तर झाकण मजबूत केलं. ती बसली नाही. मग तिने झाकण उघडलं, आत वाकली. तिला बुच दिसलं. खाली उतरून डोंग्याखाली हात घातला आणि पाइपाचं तोंड बोटाने चाचपून पाहिलं.

म्हणाली, भाऊ, दुसऱ्याच्या घराले भोक पाडाच्या आधी पुसतेत.

एवढंच. आवाज चढवला नाही. मग डांबर गरम केलं आणि पाइपाच्या भोवती स्वतः भरलं. जाताना मला तीन वेळा बजावलं, पाण्यात असतांनी हे बुच काढू नोका. मी तीन वेळा हो म्हणालो.

बसमध्ये बरं वाटलं नाही. काही तरी चुकल्यासारखं झालं होतं. फेटरीपर्यंत तसंच वाटत होतं. नंतर विचार केला, नवी गोष्ट पचायला लोकांना वेळ लागतोच.

१८ मे, रविवार

पारा शेचाळीसवर. कांता ओली चादर पांघरून बसते. शेजारची माणसं म्हणतात, कूलरवाल्याच्या घरी कूलर नाही. त्यांना मोठी कामं समजत नाहीत.

बायजाबाई येऊन गेली. कांताने टोपली उतरवली. दोघी उंबऱ्यावर हळू आवाजात बोलत होत्या. मी गेलो तशा गप्प झाल्या. शेवटी कांता तिला म्हणाली ते ऐकू आलं: मी कशी सांगू वं? चौतीस वर्सं तेच करत आले थे. माझ्याबद्दलच बोलत होत्या. बरं वाटलं.

२१ मे

रोशनजींचा फोन. इकडचं तिकडचं बोलले, गोदामात संत्री संपली, मोसंबी आली वगैरे. मग विचारलं, पप्पा, तुमाले पोहता येते का? मी म्हणालो, नाही, पण सकाळी चालतो. जावई माणूस तब्येतीची काळजी करतो. पायल सुखात आहे.

२४ मे

उद्या. गणपतराव सकाळी आठला येणार. आणि उद्यापासूनच नवतपा लागतो. वर्षातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. परीक्षा व्हायची तर अशीच व्हावी.

दोन शब्द बोलावे लागतील म्हणून लिहून ठेवले आहेत. सुरुवात: बंधूंनो, थंडावा ही काही श्रीमंतांची जहागीर नाही. कांता म्हणाली, मी नाही येत, मले पाहवणार नाही. भावुक आहे.

२५ मे, सकाळी ६.१०, तलावावर

सगळं तयार. बर्फाच्या दोन लाद्या डब्यात. बुच घट्ट. रोशनजी आले आहेत, सुट्टी काढून. सोबत थर्माकोलचा मोठा डबा, दोरी बांधलेला, त्यातही बर्फ. म्हणाले, पाण्याच्या बाटल्या थंड राहतीन, डोंग्यात असू द्या, पप्पा. जावयाचं मन मोडवत नाही. ठेवला कोपऱ्यात.

डोंगा पाण्यात थोडा खोल बसला आहे. वजनदार वस्तू असली की तसं होतंच.

२५ मे, संध्याकाळी

आज लिहिण्यासारखं विशेष काही नाही.

२६ मे

अंग दुखतं. लिहिणार नाही.

२७ मे

स्वतःशी खरं बोलायचं ठरलं होतं. म्हणून लिहितो, आणि एकदाच लिहितो.

बायजाबाई आणि मी, दोघंच डोंग्यात. ती पुढे उभी राहून जाळी ओढत होती. बसायला जागा नव्हती. मी मागे, डब्यापाशी. मासा चांगला लागला. रोहू, कतला, वीस-बावीस किलो. सगळा मी माझ्या डब्यात टाकला. मरळ मात्र दोन मोठ्या निघाल्या, त्या तिने माझ्यासमोरच थर्माकोलच्या डब्यात घातल्या आणि झाकण लावलं. लागलं मला ते.

आठ वाजता गणपतराव काठावर आले. पांढरे कपडे, रोशनजींनी खुर्ची दिली. आम्ही परत यायला निघालो होतो. मी झाकण उघडून पाहिलं. दोन लाद्यांचं पाणी झालं होतं. मासे त्यात तरंगत होते. कारणं पुष्कळ होती, त्या वेळी शोधायला वेळ नव्हता. मनात आलं, पाणी काढून टाकावं, निदान गणपतरावांना ड्रेनेज तरी दिसेल.

तीन वेळा हो म्हणालो होतो. आठवत होतं. तरी काढलं.

बुच हातात धरून वर केलं आणि काठाकडे ओरडलो, बघा, मिनिटभरात रिकामा! हात ओला होता. बुच निसटलं आणि गेलं.

पाणी खाली गेलं नाही, वर आलं. आधी मला वाटलं, बर्फ जोरात वितळतो आहे. मग डब्याच्या बाजूंची ती चोवीस भोकं एकेक करून वाहायला लागली. चोवीसच्या चोवीस. हवा खेळायला पाडलेली. गवत आधीच पाणी पिऊन जड झालं होतं, डोंगा त्या बाजूला कलला.

मी भोकावर टाच ठेवली. बसली नाही. बायजाबाईने वल्हं सोडलं, कमरेचा फडका पाइपात कोंबला, तो पाण्याने बाहेर फेकला. मग हातातल्या लहान डब्याने पाणी उपसायला लागली. ओरडली, भाऊ, तो डब्बा फेका भायेर! फेकणार कसा? सोळा नट-बोल्ट. पाना काठावर होता. मी दोन्ही हातांनी डबा धरून नुसता उभा होतो. मला काहीही करता येत नव्हतं. चौतीस वर्षांत इतकं निरुपयोगी मी स्वतःला कधी पाहिलं नव्हतं.

डोंगा शांतपणे गेला. आवाजसुद्धा नाही झाला.

माझ्या हाताला जे लागलं ते मी धरलं. ते थर्माकोल होतं. त्याला मिठी मारून मी ओरडत होतो, पायल, पायल, असं काहीतरी, रोशनजींनी नंतर सांगितलं नाही पण मला आठवतं. बायजाबाई माझ्या बाजूला उभी होती. उभीच. केस ओले, हातात उपसायचा डबा. म्हणाली, भाऊ, पाय खाली टेका.

टेकले. पाणी छातीएवढं होतं.

२८ मे

रोशनजींनी आणि गावातल्या माणसांनी दोरांनी डोंगा ओढून काठाला आणला, असं कळलं. बोल्ट कापावे लागले. मधली फळी नसल्यामुळे ओढताना बाजूच्या फळ्या उकलल्या. माझ्या डब्यातले मासे तलावात परत गेले.

गणपतरावांनी थर्माकोलचा डबा उघडून बघितला होता. मरळ गार, गलफडं लालबुंद. बर्फ निम्म्याहून जास्त शिल्लक. म्हणाले, बाई, माल त एकदम फस क्लास आहे, असाच पाह्यजे मले. मग डोंगा बुडाला होता तिकडे पाहिलं आणि विचारलं, पण पुढच्या रविवारी आनशीन कशात? बायजाबाईने पदर पिळला. माझ्याकडे ते वाचून दाखवायचं भाषण होतं, भिजलेलं.

जाताना मला म्हणाले, काय गा आनंदराव, कूलरवाला माणूस तू, पाण्यात कायले पडला? सगळे हसले. बायजाबाई नाही हसली.

गणपतरावांनी दुसऱ्या तलावावर एक फायबरच्या बोटीवाला पाहिला आहे. थर्माकोलचा डबा त्यालाही मिळतोच.

३० मे

पायल आली होती. एकटीच. तिने सांगितलं की रोशनजींना बुद्धपौर्णिमेलाच कळलं होतं. फोटो पाहिला तेव्हाच. घरी जाताना स्कूटरवर सगळं तिला समजावून सांगितलं, पाणी आत कसं येईल ते. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, सासऱ्याले कसं सांगाव, बाबा? तुमीच शिकवलं ना आमाले, मोठ्याचं मन मोडू नये. म्हनून त्यायनं डब्बा आनला, गाडीत ट्यूबपन होती हवा भरून.

कांतालाही माहीत होतं. बायजाबाईला तर होतंच. तिने तीन वेळा सांगितलं, त्यापेक्षा जास्त काय सांगणार. मला वाटलं होतं सगळे गप्प आहेत ते कौतुकाने. मीही जावयाचं मन मोडू नये म्हणून ‘तुमचं बरोबर आहे’ म्हणालो होतो आणि उलटं केलं होतं. एवढ्या माणसांनी एकमेकांचा मान राखला आणि डोंगा बुडाला.

पहिल्या पानावरचं ते वाक्य खोडावं म्हटलं. पेन सापडलं नाही. ठीक आहे, खिशातच होतं.

३१ मे

सुताराकडे गेलो. तो म्हणाला, इतका जुना साग आता मिळत नाही, दुसरं लाकूड लावून पाहू, पण पावसाळ्याआधी होणार नाही. पावसाळ्यात मासेमारी बंद. म्हणजे दोन-अडीच महिने.

कापलेली फळी झाडाखालीच आहे का, विचारायला हवं. असेलच.

१ जून, रविवार

सकाळी साडेनऊला बायजाबाईची हाक आली. मला वाटलं नव्हतं ती येईल. मी आतल्या खोलीत जाऊन पेपर उघडला. कालचा होता.

शेजारणीच्या डोंग्यातले मासे घेऊन आली होती. खालून वरून बर्फ, वर ओलं बारदान. दोनदा हाक मारली. कांता आतून ओरडली, माहे हात पिठात आहेत, तुमी जा ना! मी गेलो. बावीस वर्षांत पहिल्यांदा टोपलीला मी हात लावला.

इतकी जड असते, हे मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. उतरवताना माझा खांदा हलला, ती म्हणाली, सांभाळून भाऊ, गुडघ्यावर घ्या आधी. मी गुडघ्यावर घेतली, मग खाली ठेवली. बर्फाचं पाणी माझ्या पायजम्यावर सांडलं. तिने चुंबळ काढली आणि मान पुसली.

काही बोलावं असं फार वाटत होतं. चुकलं माझं, एवढं तरी. तोंडातून निघालं, ऊन आहे. ती म्हणाली, हाव, नवतपाच हाय.

मग तिने कनवटीला बांधलेलं काही तरी सोडून माझ्या हातावर ठेवलं. बुच. डोंगा ओढताना चिखलात सापडलं म्हणे. धुऊन आणलं होतं. म्हणाली, चांगली वस्तू हाय भाऊ, टाकून काहून द्याव? घरच्या कूलरले लावा, बाई उकाड्यात झोपून राहिली. मी मान हलवली. घरच्या कूलरची टाकी तलावाच्या काठावर पडली आहे, चोवीस भोकांसकट. तिला ते माहीत आहे.

कांता आली, रोहूचं पोट दाबलं, दोन घेतले. दोघी उंबऱ्यावर बसल्या. आज मीही तिथेच उभा राहिलो, जावं कुठे ते कळेना. पाऊण तास झाला. बायजाबाई उठली. पुढची सत्तावीस घरं बाकी होती. तिने चुंबळ डोक्यावर ठेवली आणि वाट बघत उभी राहिली.

टोपली एकटीला डोक्यावर घेता येत नाही. कोणीतरी उचलून द्यावी लागते. मी दिली.